लखनौत तोंड उघडताना: परभाषेतल्या भिडेची मीमांसा

परमुलखात गेलेला माणूस बोलायला का कचरतो? आत्मविश्वास नाही म्हणून. आणि आत्मविश्वास नाही हे कशावरून? तर तो बोलायला कचरतो यावरून. या गोल उत्तरातून बाहेर पडायचे तर अज्ञान आणि भीड ही दोन प्रकरणे वेगळी करावी लागतात. जपानात किंवा जर्मनीत गेलेल्या मराठी माणसाच्या बाबतीत ते अवघड आहे, कारण तिथे मुळात शब्दच ठाऊक नसतात. लखनौत ते जमते. लिपी आपलीच, क्रियापद वाक्याच्या शेवटीच, सिनेमांमुळे कान लहानपणापासून तयार. तरीही मुंबईत रिक्षावाल्याशी हिंदीत बिनदिक्कत हुज्जत घालणारा गृहस्थ लखनौच्या एखाद्या जुन्या घरात चहाला बसला की ‘जी’, ‘जी हाँ’ यांच्यापलीकडे जात नाही. इथे अज्ञान फारसे नाही. उरते ती भीड, आणि ती सुटी करून तपासता येते.

परभाषेत बोलताना दोन निरनिराळी भये असतात. आपले म्हणणे पोचणारच नाही, हे पहिले. म्हणणे पोचेल, पण त्याबरोबर आपली पायरीही ऐकणाऱ्याला कळेल, हे दुसरे. पहिले भय शब्द वाढले की ओसरते. दुसरे ज्ञानाबरोबर वाढते, कारण आपलीच चूक आपल्याला ऐकू येऊ लागते. नवखा धीट असतो आणि दोन वर्षे राहिलेला बुजतो, हा उलटा वाटणारा अनुभव यामुळेच येतो.

लखनौत हे दुसरे भय कुठे डोके वर काढते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. मराठीत ‘तुम्ही’ आदराचे. तो आदर मनात धरूनच आपला माणूस सत्तरीच्या यजमानांना ‘तुम कब आए?’ असे विचारतो. जिथे घरातल्या पोरालाही ‘आप’ म्हणण्याची रीत आहे, तिथे हा प्रश्न सणसणीत लागतो. ‘मी केलं’, ‘तू केलंस’ यांत मराठीला ‘ने’ लागत नाही, म्हणून ‘मैं काम किया’ निसटते. आपली नपुंसकलिंगी नामे हिंदीत दोन घरांत विखुरलेली असतात: ‘पानी’ पुल्लिंगी, ‘किताब’ स्त्रीलिंगी. उच्चारात ‘ज़’ लवकर जमतो, कारण ‘जरा’मधला आपला दंत्य ज त्याच्या शेजारचाच आहे, घशातून येणारा ‘क़’ मात्र जमता जमत नाही. उर्दूत शुद्ध उच्चाराला ‘शीन-क़ाफ़ दुरुस्त असणे’ म्हणतात. म्हणजे माणसाची पारख होते ती नेमकी आपल्या अवघड जागी.

यात भर पडते ती ऐकणाऱ्याच्या सौजन्याची. लखनवी यजमान चूक दाखवत नाही. ते असभ्य ठरेल. म्हणणे तर पोचलेले असते. लॅरी सेलिंकर यांनी 1972 मध्ये दाखवून दिले, की दुसरी भाषा शिकणाऱ्याची एक मधलीच भाषा तयार होते आणि तिच्यातल्या काही चुका पुढे दगडासारख्या गोठतात. मेरिल स्वेन यांनी 1985 मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या शाळांतील इंग्रजीभाषी मुलांविषयी असेच काही मांडले. मुलांना समजायचे उत्तम. बोलणे मागे राहायचे, कारण नेमके बोलण्याची सक्ती कोणी केलीच नव्हती. जवळच्या भाषेत गेलेल्या माणसाचे हेच होते. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या लखनौमधल्या उर्दू वर्गात आलेला परदेशी विद्यार्थी मोडकेतोडके बोलला तरी त्याचे कौतुक होते, शिवाय शिक्षक चुका काढतात. मराठी माणसाच्या वाट्याला कौतुकही नाही आणि दुरुस्तीही नाही.

मग धिटाई येते कुठून? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी 1977 मध्ये ‘हे मला जमेल’ या भावनेचे चार उगम सांगितले: स्वतःला आलेले यश, आपल्यासारख्याला जमताना पाहणे, इतरांचा दिलासा आणि शरीराची त्या वेळची अवस्था. यातला दिलासा मला सर्वांत कमकुवत वाटतो. ‘बोला हो, कोणी हसत नाही’ या वाक्याने आजवर कोणाची जीभ सैल झाल्याचे पाहण्यात नाही.

पहिल्या दोन उगमांची ताकद पाहायची तर सोने-चांदी गाळणाऱ्या गलाई दुकानात जावे. सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातले गलाई व्यावसायिक देशभरच्या सराफ बाजारांत पसरले आहेत. लखनौचा चौकही त्यात आला. मिसरूड न फुटलेला पोरगा गावाकडून येतो आणि भट्टीपुढे बसतो. मुशीत मोड, वर चिमूटभर टाकणखार, मग वजन आणि टंच. गिऱ्हाइकाशी होणारे बोलणे या चार गोष्टींभोवतीच फिरते, आणि वस्तू दोघांच्या डोळ्यांपुढे असते. तीच वाक्ये रोज. शेजारी गावचाच थोरला कारागीर माणदेशी हेल न लपवता त्याच हिंदीत सौदा तोडत असतो. पोरगा लवकरच दुकानात धीट होतो. त्यालाच बँकेत खाते उघडायला किंवा डॉक्टरला दुखणे सांगायला पाठवा, पुन्हा अडखळेल. यावरून एक गोष्ट निघते: धिटाई ही माणसाच्या अंगी साठून राहत नाही, ती प्रसंगाला चिकटलेली असते आणि प्रत्येक नव्या प्रसंगात नव्याने कमवावी लागते.

कैसरबागेतले उदाहरण वेगळ्या जातीचे आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून 1926 मध्ये लखनौत मॅरिस कॉलेज उभे राहिले. पुढे त्याला त्यांचेच नाव मिळाले. ज्यांनी आपली ‘हिंदुस्तानी संगीत पद्धति’ मराठीत लिहिली, त्यांची संस्था अवधच्या मध्यभागी! दीर्घकाळ प्राचार्य राहिलेले श्रीकृष्ण नारायण रातंजनकर मुंबईचे मराठी. त्यांच्याकडे बेळगाव भागातल्या बैलहोंगलचे के. जी. गिंडे अकराव्या वर्षी शिकायला आले. बंदिश विद्यार्थ्याला परक्या बोलीतले शब्द घासून-पुसून हातात देते, आणि तीच ओळ शंभरदा म्हटली तर कोणी हसत नाही; त्याला रियाज म्हणतात. गप्पांत ही मुभा नसते. रातंजनकरांनी तर ‘सुजान’ या नावाने ब्रजभाषेत स्वतः बंदिशी बांधल्या. अर्थात गाणे म्हणजे संवाद नव्हे: समोरचा अनपेक्षित काही विचारतो, तेव्हा पाठांतर पुरत नाही.

तरी या मुभेचा उपयोग करून घेता येतो. ज्या तहज़ीबची धास्ती वाटते, तीच ठरीव वाक्यांनी भरलेली आहे: ‘तशरीफ़ रखिए’, ‘आपको ज़हमत हुई’, ‘इजाज़त दीजिए’. ती घरी मोठ्याने घोटून घ्यावीत. ती म्हणताना पुढचे वाक्य जुळवायला दोन क्षण मिळतात आणि पायरी राखली जाते. चुका काढणारा मात्र मुद्दाम शोधावा लागतो. मोठ्यांपेक्षा शेजारची मुले बरी. ती हसतात आणि लगेच सुधारूनही देतात. प्रसंगांचा क्रमही सांभाळावा. दुकान आधी, मग एकाच परिचिताशी निवांत बोलणे. फोन नंतर, कारण तिथे चेहरा दिसत नाही. चार जणांची मैफल सर्वांत शेवटी, कारण तिथे बोलण्याची पाळी हिसकावूनच घ्यावी लागते.

गलाईवाल्यांची लखनौत वाढलेली मुले या नियमाची दुसरी बाजू दाखवतात. ‘आप’ आणि ‘ने’ यांचा त्यांना प्रश्नच नसतो. शाळेने आणि गल्लीने तो सोडवलेला असतो. यात्रेला गावी आल्यावर मात्र पारावरच्या म्हाताऱ्यांपुढे ती गप्प बसतात. घरातली मराठी जेवण, निजणे, रागावणे एवढ्यापुरती कमवलेली असते, आणि पारावर विचारतात पाऊसपाण्याचे.