मुठीत मावणारा माउस

बंगळुरातल्या राजाजीनगरच्या डॉ. राजकुमार रस्त्यावर कॉम्प्युटरचं दुकान शोधावं लागत नाही. आत शिरून लॅपटॉपसाठी छोटा माउस मागितला की दुकानदार कानडीत "वायर बेका, वायरलेस बेका?", म्हणजे वायरचा हवा की वायरलेस, एवढंच विचारतो आणि उत्तराची वाट न बघता सात-आठ खोकी समोर मांडतो. गिऱ्हाईक रंग बघतं, किंमत बघतं, फार तर वॉरंटीचं विचारतं. माउस खोक्यातून बाहेर काढून त्यावर पंजा ठेवून बघणारा विरळा. खरी निवड मात्र तिथेच असते. या वस्तूचा साठ वर्षांचा इतिहास म्हणजे तळहाताशी चाललेली घासाघीस आहे. आतलं यंत्र आटत गेलं, शेपूट गळून पडलं, किंमत घसरली. पंजा मात्र होता तेवढाच राहिला.

मूळपुरुष लाकडाचा. १९६४ साली कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी तो ठोकळा बनवला. खाली एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाकं, वर एक बटण. नकाशावरचं क्षेत्रफळ मोजायचं प्लॅनिमीटर एंगलबार्टच्या डोक्यात होतं, तेव्हा माउसच्या आजोळी सर्वेक्षणवाले निघतात. पडद्यावरची जागा दाखवायला लाइट पेन, जॉयस्टिक आणि टेबलाखाली गुडघ्याने हलवायची एक दांडी हेही उमेदवार होतेच. १९६७ मध्ये छापलेल्या चाचण्यांत गंमत अशी दिसली की नवख्या माणसांना लाइट पेन आणि गुडघ्याची दांडी जास्त लवकर जमली. सरावलेल्यांच्या हातात मात्र माउस पुढे गेला. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्टने तो भरसभेत चालवून दाखवला. पेटंट १९७० मध्ये मिळालं, पण ते संस्थेच्या मालकीचं. एंगलबार्टला त्यातून फारसं काही मिळालं नाही.

आता चेंडूची शाखा. ती माउसपेक्षा जुनी आहे. १९५२ च्या सुमारास कॅनडाच्या नौदलासाठी काम करणाऱ्या मंडळींनी बोलिंगचा चेंडू एका पेटीत अडकवला आणि तो हाताने फिरवून रडारच्या पडद्यावरची खूण हलवली. हाच ट्रॅकबॉल उलटा करून टेबलावर चालवायची कल्पना पश्चिम जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीने १९६८ च्या ऑक्टोबरात बाजारात आणली, म्हणजे एंगलबार्टच्या त्या प्रसिद्ध प्रात्यक्षिकाच्या थोडं आधीच. पुढे इंग्लिश झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत गेले आणि १९७२ मध्ये तिथल्या माउसच्या पोटातही चाकांच्या जागी चेंडू आला. यंत्र उत्तम, पण महाग आणि नाजूक.

त्याला बाजारात आणण्याची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. १९८० मध्ये स्टीव्ह जॉब्जने डीन होव्ही नावाच्या तरुण डिझायनरला बोलावलं. झेरॉक्सचा माउस तीनशे डॉलरचा आहे आणि दोन आठवड्यांत मोडतो, आपला पंधरा डॉलरच्या आत बसायला हवा, दोनेक वर्षं टिकायला हवा, आणि फॉर्मायकावरच काय, माझ्या जीन्सवरही चालायला हवा, असं सांगितल्याचं होव्हीने नंतर सांगितलं. मांडीवरचा कॉम्प्युटर अजून जन्मायचा होता, आणि मांडीवर चालणाऱ्या माउसची मागणी नोंदली गेली होती. होव्ही दुकानात गेला, काखेत लावायचे रोल-ऑन आणि लोण्याची एक प्लास्टिकची डबी घेऊन आला, आणि त्यातला गोळा डबीत बसवून पहिला नमुना जुळवला. झेरॉक्सच्या माउसमध्ये चेंडू दाबून धरलेला असे. होव्हीच्या लोकांनी तो मोकळा सोडला आणि बाजूला रोलर लावले. तळाची चकती फिरवली की चेंडू हातात. १९८३ मध्ये ॲपलच्या लिसाबरोबर तो बाहेर पडला.

चकती फिरवता येणं हे केवढं मोठं वरदान होतं ते ज्यांनी नव्वदच्या दशकात डीटीपी केलं त्यांना विचारा. मराठी माणसाच्या हातात माउस रुळला तो बहुतेक तिथेच, पेजमेकर आणि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीवर, लग्नपत्रिका आणि दिवाळी अंक जुळवताना. बाण पडद्यावर अडखळायला लागला की माउस पालथा करायचा, चकती फिरवायची, जड रबरी चेंडू तळहातावर घ्यायचा आणि आतल्या तीन बारीक रोलरांवर बसलेलं मळाचं कडं नखाने खरवडायचं. ते सोलून एका तुकड्यात निघालं की वेगळंच समाधान. धूळ, घाम आणि टेबलावरच्या कापडाचा तंतू मिळून ते कडं बनायचं. चेंडू धुवायचा, पुसायचा, परत आत. आज माउस साफ करणं म्हणजे काय हे नव्या मुलांना सांगावं लागतं.

होव्हीच्या माउसचं कवच प्लास्टिकचं, साच्यातून निघालेलं. साचा म्हणजे काय हे राजाजीनगरला सांगायला नको. इथल्या औद्योगिक वसाहतीत १९७२ साली डेन्मार्कच्या मदतीने सुरू झालेलं सरकारी टूल रूम अँड ट्रेनिंग सेंटर आहे. डाय आणि मोल्ड बनवणारी पोरं तिथून शिकून बाहेर पडली. आणि जिथे आज ओरायन मॉलमध्ये ब्रँडेड माउस काचेआड टांगलेले असतात त्या जागी किर्लोस्करांचा कारखाना होता. बेळगावात सायकली दुरुस्त करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चिरंजीव रवी किर्लोस्कर यांनी १९४६ मध्ये बंगळुरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक उभी केली, विजेच्या मोटारींसाठी. मोटारींचा कारखाना गेला आणि मॉल आला, याची हळहळ करून फार उपयोग नाही. पण हातात धरायच्या वस्तूची किंमत साच्यात ठरते हे या गल्ल्यांना आधीपासून ठाऊक होतं. साच्यावर एकदा पैसे घातले की त्यातून शक्य तेवढे जास्त नग काढावे लागतात. छोटे माउस जवळजवळ सगळे दोन्ही बाजूंनी सारखे का असतात, त्याचं कारण यात आहे. डावखुऱ्यांची त्यात आयती सोय झाली, एवढंच.

लॅपटॉपवाल्यांनी मात्र माउसला बाहेर काढायचा चंग बांधला. आगगाडीत, विमानात टेबल कुठून आणणार? १९९१ मध्ये ॲपलच्या पॉवरबुकच्या मधोमध ट्रॅकबॉल आला, म्हणजे कॅनडाच्या नौदलाचाच वारस. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने लॅपटॉपच्या कडेला चिमट्याने लटकवायचा गोळा विकायला काढला. तो आता कुणाला आठवतही नाही. १९९२ च्या थिंकपॅडवर आयबीएमच्या टेड सेल्करने कळांच्या मधोमध लाल टोपीची छोटी दांडी रोवली. कीबोर्डवरून माउसकडे हात न्यायला पाऊण सेकंद लागतो हे त्याने वाचलं होतं, आणि तो पाऊण सेकंद त्याला वाचवायचा होता. १९९३ मध्ये एचपीच्या ऑम्नीबुक ३०० मधून बटण दाबलं की उजव्या कुशीतून एका पट्टीवर चिमुकला माउस बाहेर सरकायचा. मला विचाराल तर आजच्या छोट्या माउसचा सगळ्यांत जवळचा नातेवाईक तोच. नुसता नाळ न तुटलेला. १९९४ मध्ये पॉवरबुकवर टचपॅड आलं आणि तेच टिकलं.

टचपॅड जिंकलं म्हणून माउस हरायला हवा होता. हरला नाही, आणि का ते राजाजीनगरच्या वर्कशॉपात बसलं की दोन मिनिटांत कळतं. कॅडमध्ये पार्ट फिरवायचा तर स्क्रोलचं चाक दाबून धरायचं आणि माउस हलवायचा. एक्सेलमध्ये चारशे ओळी निवडायच्या तर बोटाने घासत कुठवर जाणार? ते चाक घरोघरी पोचवलं मायक्रोसॉफ्टच्या १९९६ च्या इंटेलिमाउसने, आणि त्यानंतर चाकाविना माउस विरळाच झाला.

आटण्याची खरी सुरुवात मात्र चेंडू गेला तेव्हा. चेंडू आणि रोलर यांना ठरावीक उंची लागतेच, त्याखाली माउस जाऊ शकत नव्हता. एचपीत गॅरी गॉर्डन, डेरेक नी, राजीव बडयाल आणि जेसन हार्टलव्ह यांनी टेबलाचे फोटो काढणारा सेन्सर बनवला: खालून दिवा टाकायचा, सेकंदाला दीड हजार चित्रं घ्यायची आणि दोन चित्रांतला फरक मोजून माउस किती सरकला ते ठरवायचं. १९९९ मध्ये तो मायक्रोसॉफ्टच्या माउसमध्ये बसला. या सेन्सरला पृष्ठभागाचा खरखरीतपणा लागतो, म्हणून साध्या काचेच्या टेबलावर तो आंधळा होतो. आपल्याकडे मुंबईच्या आयबॉलने २००१ साली धंद्याची सुरुवात माउसपासूनच केली आणि स्वस्त माउस गल्लोगल्ली पोचवला.

शेपूट गेलं, पण रिसीव्हर आला. आधी तो अंगठ्याएवढा, लॅपटॉपमध्ये लावून बॅगेत घातला तर मोडायचा. लॉजिटेकच्या २००७ च्या व्हीएक्स नॅनोने तो नखाएवढा केला आणि पोर्टमध्येच कायम राहू दिला. त्या दिवसापासून छोटा माउस ही खरोखर बॅगेत टाकायची वस्तू झाली.

लहान करण्याची हद्द मात्र आधीच एकाने दाखवून ठेवली होती. १९९८ च्या आयमॅकबरोबर ॲपलने गोल, बिस्किटासारखा माउस दिला. दिसायला देखणा, पण हाताला पुढचं टोक कुठलं ते कळेना. न बघता धरला की बाण भलतीकडे. दोन वर्षांत तो मागे घ्यावा लागला. आजही दुकानात चपटे, गुळगुळीत, अगदी पातळ माउस सुंदर दिसतात, आणि ते घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. पाठीला थोडा फुगवटा हवा, कडेला अंगठ्याला आणि करंगळीला पकड हवी. पंजा पूर्ण टेकत नसेल तर बोटांच्या टोकांनी माउस आवळून धरावा लागतो, आणि दिवसभरात मनगट दुखायला लागतं.

बाकीचं चटकन सांगण्यासारखं. एका पेन्सिल सेलवर चालणारा घ्यावा. सेलचे वीस-बावीस ग्रॅम जास्त, पण रात्री नऊला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात सेल मिळतो, चार्जिंगची वायर नाही. नव्या पातळ लॅपटॉपना जुना चौकोनी यूएसबी पोर्टच नसतो, तेव्हा ब्लूटूथ आणि रिसीव्हर दोन्ही असलेला बरा. रिसीव्हरच्या शेजारच्या पोर्टमध्ये हार्ड डिस्क लावली आणि बाण अडखळायला लागला तर माउसला दोष देऊ नये. वेगवान यूएसबीचा गोंगाट रिसीव्हरच्या लहरींत मिसळतो. रिसीव्हर दुसऱ्या बाजूला लावला की बहुतेक वेळा भागतं. शेजारी झोपलेलं मूल असेल तर क्लिकचा आवाज न येणारे माउसही मिळतात. आणि आठ-दहा तास बसायचं असेल तर घरच्या टेबलावर पूर्ण आकाराचा माउस ठेवून छोटा बॅगेतच राहू द्यावा. मात्र दोघांचे रिसीव्हर वेगळे ओळखू येतील असं काही तरी त्यांवर चिकटवावं, कारण स्वस्त माउसमध्ये एकाचा रिसीव्हर दुसऱ्याला चालत नाही.