डोंबिवलीतल्या घराचं एस्टिमेट : वीट, सिमेंट, कर्ज आणि कागद

"घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून" ही म्हण सगळ्यांना पाठ आहे. आधी धरलेला खर्च आणि शेवटी झालेला खर्च यांचा मेळ दोन्हीकडे बसत नाही. पण डोंबिवलीत तो का बसत नाही, याचं उत्तर नुसत्या वीट-रेतीच्या भावात सापडणार नाही. दर काळात इथे एखादी गोष्ट दुर्मीळ होती आणि घराची खरी किंमत तिनेच ठरवली.

सुरुवात चाळीपासून करू. १ मे १८५४ ला रेल्वे ठाण्याहून कल्याणपर्यंत आली आणि या पट्ट्याचं नशीब मुंबईशी बांधलं गेलं. चाळ बांधणाऱ्या मालकाचा हिशेब सोपा होता. जागा गुंठ्यावर (१ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट), रेती-खडी ब्रासवर (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट), विटा हजारावर, वर मंगलोरी कौलं. घातलेला पैसा भाड्यातून किती वर्षांत सुटेल, एवढंच बघायचं.

हे गणित मोडलं १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने. जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठली. भाडेकरूला संरक्षण मिळालं, ते गरजेचंही होतं. पण भाड्यासाठी नवं घर बांधणं मालकांना परवडेना. गिरगाव-दादरच्या खोलीत वाढलेल्या पुढच्या पिढीला तिथे भाड्याने जागा मिळेना, आणि पागडी भरायला पैसे नाहीत. मग लोकलच्या पासात बसणारं गाव शोधायचं. रामनगर, टिळकनगर, विष्णुनगर अशीच भरत गेली.

भाड्याची जागा 'ओनरशिप'ने घेतली. त्यासाठी १९६३ मध्ये राज्याने मोफा कायदा केला. बिल्डरने करारनामा नोंदवायचा, सोसायटी स्थापन करून द्यायची आणि जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करायची, म्हणजे कन्व्हेयन्स. फ्लॅट घेणाऱ्याने चावी घेतली, पेढे वाटले. कन्व्हेयन्स मात्र कितीतरी सोसायट्यांचं राहून गेलं. त्यावेळी ते एस्टिमेटमध्ये कुणी धरलंच नव्हतं.

सत्तरच्या दशकात दुर्मीळ झालं सिमेंट. भाव आणि वाटप दोन्ही सरकारच्या हातात, पोतं परमिटवर. त्यामुळे बांधकामाच्या हिशेबात दोन दर असायचे, एक परमिटचा आणि एक 'बाहेरचा'. या टंचाईने मुख्यमंत्र्यांची खुर्चीसुद्धा घालवली. १२ जानेवारी १९८२ ला मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. लेंटिन यांनी बिल्डरांना झालेलं सिमेंट वाटप आणि ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला आणि बॅ. अंतुले यांनी राजीनामा दिला. पुढच्याच महिन्यात केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं, १९८९ मध्ये पूर्ण उठवलं. आज दुकानात फोन केला की पोतं येतं. त्या काळी त्याच पोत्यासाठी स्लॅब अडून राहायचा, आणि माल महाग झाला की मिश्रणात हात आखडला जायचा.

दुसरी अडचण पैशाची. पीएफमधून उचल, पतपेढीचं कर्ज, घरातलं सोनं, गावची जमीन, यातून घर उभं राहायचं. १९७७ मध्ये एचडीएफसी स्थापन झाली आणि साध्या पगारदाराला दीर्घ मुदतीचं गृहकर्ज मिळण्याचा रस्ता खुला झाला. प्रश्न बदलला. 'घराला किती लागतील?' याऐवजी लोक विचारू लागले, 'हप्ता किती बसेल?' या बदलात चौरस फुटाचा हिशेब धूसर झाला. उदाहरण बघा. कारपेट ५०० फूट, त्यावर ४० टक्के लोडिंग, म्हणजे ७०० फूट सुपर बिल्ट-अप. ८,००० च्या दराने ५६ लाख. घरात प्रत्यक्ष पाय ठेवता येतो त्या जागेचा दर मात्र ११,२०० रुपये पडला! रेरा कायद्याने कारपेटवर विक्री बंधनकारक केली, तेव्हा हा खेळ आवरला.

सिमेंट मिळू लागलं, कर्ज मिळू लागलं. मग आज दुर्मीळ काय आहे? खरा कागद.

१९७६ च्या जमीन कमाल धारणा कायद्याने मोकळ्या जमिनी अडकल्या. महाराष्ट्रात तो २००७ पर्यंत टिकला. १९८३ मध्ये महापालिका आली. २७ गावं २००२ मध्ये पालिकेबाहेर गेली, २०१५ मध्ये परत आत आली. परवानगी नक्की कुणाची, हा गोंधळ ज्यांच्या सोयीचा होता त्यांनी मजले चढवले. उच्च न्यायालयातल्या याचिकेनंतर नेमलेल्या अग्यार समितीने कल्याण-डोंबिवलीत ६७,९२० बेकायदा बांधकामं मोजली. २८ जुलै २०१५ च्या रात्री ठाकुर्लीत 'मातृछाया' कोसळली आणि ९ माणसं गेली.

आणि मग ६५ इमारतींचं प्रकरण. पालिकेच्या बनावट परवानग्या जोडून रेरा नंबर मिळवले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने या इमारती तीन महिन्यांत पाडायचे आदेश दिले. पुढे सरकारने रहिवाशांना बेघर होऊ देणार नाही असं आश्वासन दिलं. पण विचार करा, या लोकांनी रेरा नंबर बघितला होता, बँकेचं कर्ज घेतलं होतं, स्टॅम्प ड्युटी भरली होती. सावध माणूस जे करतो ते सगळं केलं होतं. खोटं सगळ्यात पहिल्या कागदात होतं, आणि तो मूळ दप्तराशी ताडून बघायची जबाबदारी कुणी घेतली नाही. या चुकीचं बिल मात्र घर घेणाऱ्याच्या नावाने फाटलं.

आता निम्मी डोंबिवली रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगांमध्ये बसली आहे. चर्चा कसली? वाढीव फूट किती, कॉर्पस किती, भाडं किती. विचारा, जरूर विचारा. पण आधी तीन कामं करा. कन्व्हेयन्स झालंय का बघा. नसेल तर २००८ च्या दुरुस्तीनंतर बिल्डर सही देत नसला तरी डीम्ड कन्व्हेयन्स मिळतं. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर नाव कुणाचं आहे ते बघा. आणि परवानगीच्या झेरॉक्सवर विसंबू नका, तिचा नंबर पालिकेच्या नगररचना विभागात माहितीच्या अधिकाराखाली ताडून घ्या.

यासाठी लागणारा खर्च घराच्या किमतीपुढे किरकोळ आहे. तरीही एस्टिमेटमध्ये तो पहिल्या ओळीत लिहा.

तुमच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का? कमेंटमध्ये सांगा, आणि ज्यांचं नाही त्यांच्यापर्यंत हे पोचवा.