छबिलदासमधील रंगमंच

मुंबईंत दादर स्थानकाच्या पश्चिमेस, भाजीवाले व फेरीवाले यांच्या गर्दींतून थोडें चालून गेलें म्हणजे छबिलदास मुलांची शाळा लागते. शाळा इतर शाळांसारखीच. तिच्या इमारतींत एक सभागृह आहे; बक्षीससमारंभ, वक्तृत्वाच्या स्पर्धा, क्वचित् परीक्षेचीं बाकें, असाच उपयोग शाळेच्या सभागृहाचा सर्वत्र होत असतो. तथापि १९७४ सालापासून पुढें सुमारें दीड तप हेंच सभागृह मराठी रंगभूमीवरील एका चळवळीचें घर होऊन राहिलें, आणि शाळेचें नांव त्या चळवळीस चिकटलें तें कायमचेंच. ज्या नाटकांस मोठ्या नाट्यगृहांत थारा मिळत नव्हता, त्यांस एका शाळेनें आपलें दार उघडून दिलें. हें कसें घडलें आणि तत्पूर्वीं हीं नाटकें कोणाच्या आश्रयास होतीं, हें पाहूं लागलें असतां मुंबईंतील लहान लहान जागांची एक परंपराच दृष्टीस पडते.

जागेचा हा प्रश्न मराठी नाटकाच्या जन्मापासूनचा आहे. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस जो पहिला खेळ केला, तो संस्थानिकांच्या आश्रयानें. तीच मंडळी १८५३ सालीं मुंबईस आली तेव्हां तिला ग्रँट रोडवरील नाट्यगृह मिळालें. नाना शंकरशेट यांच्या पुढाकारानें तें १८४६ सालीं उभें राहिलें होतें. पुढें नाटकमंडळ्या वाढल्या, थिएटरें वाढलीं. १९३१ नंतर बोलपट आले आणि त्यांनीं त्यांतील पुष्कळ थिएटरें गिळंकृत केलीं. स्वातंत्र्यानंतर गिरगांवांत साहित्य संघाचें व दादरला शिवाजी मंदिराचें नाट्यगृह झालें, आणि नाटकाचा धंदा पुन्हा भरास आला. पण धंदा म्हटला कीं हिशेब आला. आठशें-हजार खुर्च्यांच्या गृहाचें भाडें, जाहिरात, नटांचें मानधन, नेपथ्याची ने-आण, एवढा खर्च तिकिटांतून निघावयाचा तर प्रयोगामागून प्रयोग गर्दी जमली पाहिजे. सोयीच्या तारखा अर्थातच चालत्या नाटकांकडे जात. जें नाटक पाहण्यास मोठ्या प्रयासानें शे-सव्वाशे रसिक येतील, त्यानें त्या अवाढव्य गृहांत काय करावें? शंभर माणसें तेथें बसविलीं तरी गृह रिकामेंच दिसतें. आणि रिकाम्या खुर्च्यांपुढें उभ्या राहिलेल्या नटाची जी अवस्था होते, ती त्यानेंच जाणावी.

ह्या अडचणींतून पहिला मार्ग निघाला तो वॉर्डन रोडवर. प्रसिद्ध कायदेपंडित भुलाभाई देसाई, ज्यांनीं आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांचा खटला चालविला, ते १९४६ सालीं निवर्तले. त्यांच्या समुद्रकांठच्या बंगल्यांत त्यांच्या स्नुषा मधुरी देसाई आणि सोली बाटलीवाला यांनीं भुलाभाई स्मारक संस्था उभी केली. तेथें हुसेन, गायतोंडे यांच्यासारखे चित्रकार नाममात्र भाड्यानें काम करीत. एका खोलींत चित्रें, दुसरींत सतार, बाहेर नाटकाची तालीम, असा तो प्रकार असे. रविशंकरांची किन्नर संगीतशाळाहि तेथेंच चाले. एकाच छपराखालीं चित्रकार, गवई आणि नट यांची रोजची गांठ पडणें ही गोष्ट आपल्याकडे फारशी आढळत नाहीं. गवयानें नाटक पाहूं नये आणि नटानें चित्राकडे वळूं नये, अशीच जणूं आपली वहिवाट!

त्याच परिसरांत, कंबाला टेकडीवर इब्राहिम अल्काझी यांनीं आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर ‘मेघदूत’ नांवाचा उघडा रंगमंच मांडला होता. वर आकाश, पलीकडे समुद्र आणि पायऱ्यांवर प्रेक्षक. १९६२ सालीं अल्काझी राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक म्हणून दिल्लीस गेले, आणि त्यांच्या ‘थिएटर युनिट’ची धुरा सत्यदेव दुबे यांच्याकडे आली. बिलासपूरकडचा हा तरुण मुंबईस आला होता म्हणे क्रिकेट खेळण्यासाठीं. धर्मवीर भारती यांचें ‘अंधा युग’ हें नाटक, जें मूळ नभोवाणीसाठीं लिहिलेलें होतें, तें दुबे यांनीं त्याच सालीं ह्या गच्चीवर उभें केलें. पुढच्या वर्षीं अल्काझींनीं तें दिल्लीस फिरोजशहा कोटल्याच्या भग्नावशेषांत केलें आणि त्याचा बोलबाला देशभर झाला. पण आरंभ झाला तो एका गच्चीवर, ही गोष्ट विसरली जाऊं नये.

मराठी मंडळी स्वस्थ बसली नव्हती. १९६० सालीं विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे प्रभृतींनीं ‘रंगायन’ ही संस्था काढली. तिकिटविक्रीच्या जुगारापेक्षां वर्गणीदार सभासदांचा आधार बरा, हें तिचें धोरण. ज्यांनीं वर्षाची वर्गणी आगाऊ भरली आहे, ते अपरिचित नाटकासहि येतात, आणि आवडलें नाहीं तरी पैसे परत मागत नाहींत! युनेस्कोचें (पॅरिसच्या नाटककाराचें, संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेचें नव्हे) ‘खुर्च्या’, खानोलकरांचें ‘एक शून्य बाजीराव’ हीं नाटकें ह्या संस्थेनें केलीं. तेंडुलकरांचें ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ सालीं झालें. त्याचें दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचें, आणि बेणारे बाईंची भूमिका त्यांच्या पत्नी सुलभा देशपांडे यांची. ह्या नाटकाचें यश मोठें, पण संस्थेंत पुढें मतभेद झाले, आणि देशपांडे दांपत्य व अरुण काकडे यांनीं १९७१ सालीं ‘आविष्कार’ ही स्वतंत्र संस्था स्थापिली.

इकडे भुलाभाई संस्थेचे दिवस भरले. पुढें तो बंगला जाऊन त्या जागीं उंच इमारत आली. दुबे यांनीं ताडदेवच्या वालचंद टेरेसमध्यें कांहीं काळ आपला संसार थाटला. तेथील लहानशा जागेंत हिंदीबरोबर मराठी नाटकेंहि झालीं. पण तोहि आसरा टिकाऊ नव्हता. थोडक्यांत म्हणजे सत्तरीच्या दशकाच्या आरंभीं नवीं नाटकें लिहिणारे होते, करणारे होते, पाहणारेहि थोडे होते. उभें राहण्यापुरती भूमि मात्र नव्हती.

येथें शाळेचा प्रवेश होतो. सुलभा देशपांडे ह्या छबिलदासमध्यें शिक्षिका होत्या. विद्यार्थ्यांचीं नाटकें बसवितां बसवितां शाळेचें सभागृह त्यांच्या चांगल्या परिचयाचें झालें होतें. सायंकाळीं व सुटीच्या दिवशीं तें मोकळें असे. शाळेनें तें ‘आविष्कार’ला वापरूं दिलें, आणि ‘आविष्कार’नें तें आपल्यापुरतें न ठेवतां इतर संस्थांसहि खुलें केलें. हा दुसरा निर्णय पहिल्याहून मोठा म्हटला पाहिजे. स्वतःस मोठ्या कष्टानें लाभलेली जागा प्रतिस्पर्ध्यांस देणें, हें नाटकधंद्यांत सहसा घडत नाहीं. अमोल पालेकर यांची ‘अनिकेत’, दुबे यांचें ‘थिएटर युनिट’, पुण्याची ‘थिएटर ॲकॅडमी’, अशा अनेकांनीं त्या सभागृहाचा लाभ घेतला.

जागा कशी होती म्हणाल, तर नाटकास प्रतिकूलच. पडदा नाहीं, फिरता रंगमंच नाहीं, ध्वनिरोधक भिंती नाहींत. खालीं दादरचा बाजार अखंड ओरडत असे. शाळेला सभागृह लागणार म्हणून दिवे टांगावयाचे आणि प्रयोगानंतर उतरवावयाचे, मंच मांडावयाचा आणि मोडावयाचा. सामान वाहण्याचें हें काम संस्थेचींच माणसें करीत, आणि सर्वांत अधिक करीत ते अरुण काकडे, ज्यांस सारे ‘काकडेकाका’ म्हणत. नाट्येतिहासांत लेखकांचीं व दिग्दर्शकांचीं नांवें राहतात. किल्ली जवळ बाळगणाऱ्याचें नांव राहत नाहीं. काकडे यांचें राहिलें, हें योग्यच झालें.

पण ह्याच दारिद्र्यानें एक गोष्ट दिली. मंच कायमचा नसल्यामुळें तो कोठेंहि मांडतां येई. बादल सरकार यांच्या बंगाली नाटकावरून पालेकरांनीं ‘जुलूस’ केलें, तेव्हां नट प्रेक्षकांच्या मधून व भोंवतालून फिरत. मिरवणुकींत आपण पाहणारे कीं चालणारे, असा संभ्रम प्रेक्षकास पडावा, हाच त्या नाटकाचा हेतु. कमानीच्या मंचावर त्याचें मर्मच हरवलें असतें. जयदेव हट्टंगडी यांनीं ‘आविष्कार’साठीं लोर्काच्या ‘येर्मा’चें मराठी रूप ‘चांगुणा’ बसविलें. त्यांत रोहिणी हट्टंगडी यांची भूमिका होती. हातभर अंतरावरून नटाचा चेहरा पाहावयास मिळाला म्हणजे अभिनयाची रीतहि बदलते. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द फेकण्याची गरज उरत नाहीं. खोटा हुंदका तत्काळ उघडा पडतो. छबिलदासमध्यें वाढलेल्या नटांच्या बोलण्यांत जो साधेपणा आला, त्याचें बरेंचसें श्रेय त्या सभागृहाच्या लहानपणास आहे.

सुलभाताईंनीं मुलांसाठीं ‘चंद्रशाला’ ही शाखा चालविली. तिचें ‘दुर्गा झाली गौरी’ हें नृत्यनाट्य १९८२ सालीं रंगभूमीवर आलें आणि पुढें मुलांच्या पिढ्यांमागून पिढ्या त्यांत नाचून गेल्या. सर्व प्रौढ प्रयोगांपेक्षां ह्या एका बालनाट्याचें आयुष्य अधिक ठरलें.

स्तुतीबरोबर दोषहि सांगितला पाहिजे. दादरच्या पलीकडे हाकेच्या अंतरावर गिरणगांव होतें. तेथें भजनें, दशावतार, कामगारांचीं नाटकें यांची स्वतःची अशी रग होती. तो प्रेक्षक छबिलदासचा जिना फारसा चढला नाहीं. बहुतेक तेच ते सुशिक्षित चेहरे दर नाटकास दिसत, आणि कांहीं नाटकें तर त्या चेहऱ्यांसाठींच लिहिल्यासारखीं दुर्बोध झालीं. दुर्बोधता म्हणजे नावीन्य, असा समज कांहीं तरुणांनीं करून घेतला, तो चळवळीस बाधकच झाला.

१९७८ सालीं जुहूस शशी कपूर व जेनिफर कपूर यांनीं पृथ्वी थिएटर बांधलें. दोनशेंच्या आसपास आसनें, तीन बाजूंनीं प्रेक्षक. केवळ लहान नाटकासाठींच योजिलेली ती वास्तु होती, आणि तिच्या उद्‌घाटनास गोविंद देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’चा हिंदी प्रयोग झाला. त्यानंतरच्या दशकांत दूरदर्शनवर मालिका आल्या. ज्या सायंकाळीं तालमीसाठीं राखीव असत, त्या चित्रीकरणास जाऊं लागल्या. पोटाचा प्रश्न सुटत असेल तर त्याबद्दल नटास बोल लावतां येत नाहीं. १९८७ सालीं अरविंद देशपांडे वारले. त्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ‘आविष्कार’नें वार्षिक नाट्यमहोत्सव सुरू केला.

शाळेचें सभागृह अखेर शाळेकडे परत गेलें, तें १९९० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत. ‘आविष्कार’नें आपलें सामान उचललें आणि माहीमच्या एका म्युनिसिपल शाळेंत बिऱ्हाड केलें. पुन्हा शाळाच, पुन्हा वर्गांच्या शेजारीं तालमी, पुन्हा दिवे टांगणें आणि उतरविणें. सुलभा देशपांडे २०१६ सालीं व अरुण काकडे २०१९ सालीं निवर्तले. काकडे यांनीं वयाची पंचाऐंशी वर्षें उलटल्यावरहि त्या माहीमच्या जागेंत येणें सोडलें नव्हतें.