म्युच्युअल फंड : जोखीम, खर्च आणि परताव्याचे आकडे कसे वाचायचे?

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, तापी नदीच्या काठावर सारंगखेडा आहे. दरवर्षी दत्तजयंतीला इथल्या एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि घोडेबाजारही. मारवाडी, काठियावाडी घोडे घ्यायला लांबून लोक येतात. जाणकार माणूस नुसता रंग बघून घोडा घेत नाही. तो दात बघून वयाचा अंदाज घेतो, चाल बघतो आणि रोजच्या दाणा-वैरणीचा हिशोबही करतो.

म्युच्युअल फंड घेताना मात्र अनेक जण एकच आकडा बघतात : गेल्या वर्षी किती टक्के मिळाले? मोबाइलवर दोन मिनिटांत गुंतवणूक होते, पण जोखीम, खर्च आणि परताव्याची खरी मोजपट्टी वाचायची राहून जाते. या तीन गोष्टी समजून घेऊ.

जोखीम म्हणजे नेमकं काय?

म्युच्युअल फंड ही बँकेची ठेव नाही. बँकेतल्या ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. फंडाला ते नसतं आणि ठरावीक परताव्याची हमीही नसते.

प्रत्येक योजनेच्या माहितीपत्रकावर 'रिस्कोमीटर' असतो. जानेवारी २०२१ पासून त्यात सहा पायऱ्या आहेत : कमी, कमी ते मध्यम, मध्यम, मध्यम ते जास्त, जास्त आणि अत्यंत जास्त. शेअर बाजारात पैसे लावणाऱ्या बहुतेक योजना शेवटच्या पायरीवर असतात. ही पायरी बदलू शकते, म्हणून ती अधूनमधून तपासावी.

'डेट फंड' म्हणजे सुरक्षित का?

नेहमीच नाही. हे फंड कंपन्यांना किंवा सरकारला कर्ज देतात. कर्जदार कंपनी अडचणीत आली किंवा तिचे रोखे विकत घ्यायला कुणी मिळालं नाही, तर पैसे अडकतात.

२३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पलटनने भारतातल्या सहा डेट योजना बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यात सुमारे २६ हजार कोटी रुपये होते. गुंतवणूकदारांना पैसे काढता येईनात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२१ पासून टप्प्याटप्प्याने पैसे परत मिळू लागले. पैसे बुडाले नाहीत, पण ऐन गरजेच्या वेळी ते हातात नव्हते. हीसुद्धा जोखीमच.

पिकाचा पैसा फंडात टाकावा का?

हा प्रश्न सारंगखेडा-शहादा पट्ट्यात महत्त्वाचा आहे. इथे केळी, पपई, ऊस, कापूस, मिरचीचा पैसा दर महिन्याला येत नाही, हंगामात एकदम येतो.

समजा, एखाद्या शेतकऱ्याने जानेवारी २०२० मध्ये सगळा पैसा शेअर बाजारातल्या फंडात टाकला. तेव्हा सेन्सेक्स ४२ हजारांच्या जवळ होता. २३ मार्चला तो २६ हजारांच्या खाली बंद झाला. खरिपाच्या पेरणीसाठी जूनमध्ये पैसे हवे होते, तेव्हा तो साधारण ३३ ते ३५ हजारांत होता. म्हणजे बी-बियाणं, खतासाठी तोट्यात विकावं लागलं असतं. ज्याला थांबता आलं, त्याच्यासाठी नोव्हेंबर २०२० मध्ये सेन्सेक्स पुन्हा ४२ हजारांच्या वर गेला.

बाजार तोच, घसरण तीच. फरक होता तो पैसे कधी लागणार याचा. वर्षभरात लागणारा पैसा शेअर बाजारात ठेवू नये, हा नियम त्यातूनच येतो. महिन्याचा हप्ता म्हणजे 'एसआयपी' जमत नसेल, तर पीक विकल्यावर बचतीचा भाग बाजूला ठेवून तो थोडा थोडा गुंतवता येतो.

खर्च कुठून कापला जातो?

फंड चालवण्याच्या खर्चाला 'एक्स्पेन्स रेशो' म्हणतात. तो वर्षाच्या टक्क्यांत सांगितला जातो, पण कापला रोज जातो. त्याचं वेगळं बिल येत नाही. रोज जाहीर होणारी 'एनएव्ही', म्हणजे एका युनिटची किंमत, हा खर्च वजा करूनच ठरते. घोड्याच्या वैरणीसारखा हा खर्च, बाजार वर असो की खाली, चालूच राहतो.

जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेचे दोन पर्याय मिळतात. 'रेग्युलर'मध्ये वितरकाचं कमिशन असतं, 'डायरेक्ट'मध्ये नसतं. समजा, खर्च धरण्याआधी फंड वर्षाला १२ टक्के कमावतो. डायरेक्टचा खर्च १ टक्का आणि रेग्युलरचा २ टक्के धरला, तर १ लाखाचे २० वर्षांत डायरेक्टमध्ये सुमारे ८.०६ लाख आणि रेग्युलरमध्ये ६.७३ लाख होतील. एका टक्क्याचा फरक १.३३ लाखांचा.

वितरक चांगला सल्ला देत असेल, घाबरून विकण्यापासून थांबवत असेल, तर कमिशन वाया जात नाही. पण आपण ते देतोय हे माहीत हवं. शिवाय ठरावीक मुदतीआधी पैसे काढल्यास अनेक योजना 'एक्झिट लोड' कापतात.

परतावा कसा मोजायचा?

'तीन वर्षांत ५० टक्के' ऐकायला मोठं वाटतं. चक्रवाढीने वर्षाचा दर काढला, तर तो सुमारे १४.५ टक्के येतो. यालाच 'सीएजीआर' म्हणतात.

सरासरीही फसवते. पहिल्या वर्षी ५० टक्के वाढ आणि दुसऱ्या वर्षी ४० टक्के घट, याची सरासरी ५ टक्के नफा दिसते. प्रत्यक्षात १०० रुपयांचे आधी १५० आणि मग ९० होतात.

फंडाची तुलना त्याच्या निर्देशांकाशी, म्हणजे 'बेंचमार्क'शी करावी. फेब्रुवारी २०१८ पासून त्यात लाभांशही धरावा लागतो. फंडाने १५ टक्के दिले आणि बेंचमार्कने १७, तर जास्त खर्च कशासाठी, हे विचारायला हवं.

चढ-उतार मोजायला 'स्टँडर्ड डेव्हिएशन' वापरतात. आकडा जितका मोठा, तितके हेलकावे जास्त. 'शार्प रेशो' सांगतो की घेतलेल्या जोखमीच्या मानाने किती मिळालं. उदाहरणार्थ, सुरक्षित दर ६ टक्के धरू. एका फंडाचा परतावा १४ टक्के आणि डेव्हिएशन २०, तर शार्प ०.४ येतो. दुसऱ्याचा परतावा १२ आणि डेव्हिएशन १२, तर ०.५ येतो. परतावा कमी असूनही जोखमीच्या हिशोबात दुसरा उजवा ठरतो.

पैसे टाकण्याआधी काय विचारायचं?

- हे पैसे मला कधी लागणार आहेत?
- रिस्कोमीटर कुठल्या पायरीवर आहे?
- एक्स्पेन्स रेशो आणि एक्झिट लोड किती?
- ५ आणि १० वर्षांत बेंचमार्कच्या तुलनेत फंडाने काय केलं?
- मार्च २०२० सारख्या घसरणीत तो किती पडला होता?

मागची कामगिरी पुढची हमी देत नाही. पण ही उत्तरं एका कागदावर लिहून काढली, तर निदान आपण काय विकत घेतोय, हे पैसे देण्याआधी कळतं.