म्युकरमायकोसिसचे प्रयोगशाळेतील निदान

म्युकरमायकोसिस हा म्युकोरेलीस गणातील बुरशींमुळे होणारा, वेगाने पसरणारा व जीवघेणा ठरू शकणारा संसर्ग आहे. ‘काळी बुरशी’ हे त्याचे रूढ नाव बुरशीच्या नव्हे, तर रक्तपुरवठा तुटून मृत झालेल्या ऊतींच्या रंगावरून पडले.

पार्श्वभूमी
कोविड-१९च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात या आजाराचे रुग्ण वाढले. अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइडचा वापर ही त्याची प्रमुख कारणे होत. मे २०२१ मध्ये कल्याण-डोंबिवली परिसरातील दोन रुग्णांचा या आजाराने मृत्यू झाल्याचे वृत्त आले. त्याच महिन्यात केंद्र सरकारने साथरोग अधिनियम, १८९७ अन्वये हा आजार अधिसूचित करण्यास राज्यांना सांगितले.

निदानाचे महत्त्व
ॲस्परजिलस बुरशीच्या संसर्गाची लक्षणे काहीशी अशीच असतात. मात्र त्यावर दिले जाणारे व्होरिकोनॅझोल म्युकरमायकोसिसवर निष्प्रभ ठरते. येथे ॲम्फोटेरिसिन-बी व शस्त्रक्रिया आवश्यक असते.

चाचण्या
सूक्ष्मदर्शक तपासणी : नाकातील वा सायनसमधील ऊतीचा तुकडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून पाहतात. म्युकोरेलीसचे कवकतंतू रुंद, फितीसारखे, विरळ आडपडद्यांचे व साधारण ९० अंशांत फुटलेले दिसतात. ॲस्परजिलसचे तंतू अरुंद, नियमित आडपडद्यांचे व सुमारे ४५ अंशांत फुटलेले असतात. निष्कर्ष काही तासांत मिळतो.

ऊतिविकृती तपासणी : बुरशी रक्तवाहिन्यांत शिरल्याचे हिच्यात दिसते. त्यामुळे प्रत्यक्ष संसर्ग सिद्ध होतो. परंतु अहवालास काही दिवस लागतात.

संवर्धन (कल्चर) : बुरशीची जात यावरून ओळखता येते. मात्र हे तंतू नाजूक असतात. नमुना कुटल्यास ते मरतात, म्हणून त्याचे बारीक तुकडे करतात. तरीही अनेक रुग्णांत वाढ होत नाही. उलट, ही बुरशी हवेतही असल्याने नाकातील नमुन्यात केवळ वाढ होणे हा संसर्गाचा पुरावा नव्हे.

रक्तातील प्रतिजन चाचण्या : गॅलॅक्टोमॅनन व बीटा-डी-ग्लुकॅन या चाचण्या म्युकरमायकोसिसमध्ये सहसा नकारात्मक येतात.

पीसीआर : बुरशीचे डीएनए ऊतीत वा रक्तात लवकर सापडू शकते; परंतु ही चाचणी सर्वत्र उपलब्ध नाही.

तुलना
वेगासाठी सूक्ष्मदर्शक, खात्रीसाठी ऊतिविकृती व जातिनिश्चितीसाठी संवर्धन अशा या पद्धती परस्परपूरक आहेत. एखादा नकारात्मक अहवाल आजार नसल्याचे सिद्ध करत नाही. म्हणून संशय प्रबळ असल्यास सर्व अहवालांची वाट न पाहता उपचार सुरू करतात.