पेशव्यांच्या वाड्याचे चिरे

वासिष्ठी नदी दाभोळच्या खाडीतून जेथे समुद्रास मिळते, तेथे दक्षिण तीरावर अंजनवेल हे गाव आहे. तेथील गोपाळगड विजापूरकर, शिवछत्रपती, जंजिऱ्याचा सिद्दी, तुळाजी आंग्रे व पेशवे अशा धन्यांच्या हातून फिरत फिरत १८१८ साली इंग्रजांकडे गेला. आपले इतिहासकार या धन्यांची नामावली मोठ्या हौसेने देतात. पण धनी बदलल्यावर त्यांच्या इमारतींतील दगडालाकडाचे पुढे काय झाले, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. इमारतीचा माल पुनःपुन्हा उपयोगात आणण्याच्या रीतीस हल्ली ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. त्या रीतीचा एक जुना दाखला अंजनवेलीच्या शेजारी, गुहागरास, घडला.

१८१२ साली दुसरे बाजीराव गुहागरास आले. ते स्थळ त्यांच्या मनास इतके भरले की, समुद्रकाठच्या कड्यावर त्यांनी मोठा वाडा बांधविला व १८१८ पर्यंत ते दरसाल तेथे येत असत. पुढे राज्य गेले, श्रीमंत ब्रह्मावर्तास गेले आणि वाडा निर्धनी झाला. इंग्रजी अंमल बसल्यावर थोड्याच काळात त्याचा बहुतेक भाग उतरविण्यात येऊन तो माल रत्नागिरीच्या सरकारी इमारतींस लावण्यात आला, असे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या रत्नागिरी खंडात, म्हणजे १८८० साली, नमूद झाले आहे. याचे कारणही उघड आहे. दक्षिण कोकणचे ठाणे आरंभी बाणकोटास होते. ते १८२२ च्या सुमारास रत्नागिरीस हलले. नव्या ठाण्यास कचेऱ्या हव्या होत्या आणि मालाचा आयता साठा गुहागरास उभा होता. तो माल गलबतांतून गेला असावा. त्या काळी कोकणात जड ओझ्यास समुद्रासारखा दुसरा रस्ता नव्हता.

ही काटकसर म्हणावी की लूट? आमच्या मते दोन्ही. जिंकलेल्याच्या घराच्या भिंती जेत्याच्या कचेरीस लागल्या, यात गुहागरकरांस काय लाभले? इतिहासाच्या अभ्यासकाचा तर निव्वळ तोटाच झाला. चिरा वाचला, पण वाडा गेला. पुनरुपयोगाचे गोडवे गाणाऱ्यांनी ही बाजू विसरू नये. अंजनवेलीस अलीकडे याच्या उलट घडले. एन्रॉन कंपनीचा वीजप्रकल्प २००१ साली बंद पडला, तेव्हा तो मोडून भंगारात न काढता २००५ साली स्थापन झालेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीकडे देण्यात आला. त्या प्रकरणातील वाद काहीही असोत. उभी इमारत उभीच ठेवून वापरणे, हा पुनरुपयोगाचा पहिला व सर्वांत स्वस्त प्रकार होय.

परंतु इमारत उतरवावयाचीच झाली, तर ती उतरविता आली पाहिजे. कोकणातील जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागून कठीण होतो. म्हणजे जुना चिरा नव्याहून उणा नसतो. जुने बांधकाम चुन्याचे असे आणि तो चुना पुष्कळदा शिंपल्या भाजून केलेला असे. असा सांधा दगडाहून दुबळा असल्यामुळे पहार लावली की सांधा सुटतो व चिरा अखंड हाती येतो. लाकडाचीही तीच गोष्ट. खांब, तुळ्या व वासे एकमेकांच्या खाचांत बसविलेले असल्याने जसे जोडले तसेच सोडविता येत. बांधणाऱ्याने मोडण्याचा विचार मुद्दाम केला होता असे नव्हे. त्याच्या साधनांतच ती सोय होती.

सिमेंटने ही सोय नाहीशी केली. त्याचा सांधा जांभ्याहून बळकट पडतो. भिंत पाडताना सांधा टिकतो आणि चिरा फुटतो. मग उरतो तो राबिट, आणि तो ओढ्यात किंवा रस्त्याकडेला जाऊन पडतो. सरकारने २०१६ साली बांधकामाच्या कचऱ्याविषयी नियम केले व २०२५ मध्ये ते अधिक कडक केले. हे योग्यच झाले. पण राबिट दळून त्याची खडी करणे म्हणजे तुळईचे सरपण करण्यासारखे आहे. उपयोग होतो, परंतु हलका होतो. खरा निर्णय पाडण्याच्या दिवशी नव्हे, बांधण्याच्या दिवशी होतो. ज्यांस आज अंजनवेलीस किंवा गुहागरास चिऱ्याचे घर बांधावयाचे आहे, त्यांनी भिंतीच्या सांध्यांत निदान चुना मिसळता येईल का, हे आपल्या गवंड्यास विचारून पाहावे.