माती, काम आणि माणसे

एडिंबरो शहराच्या नैर्ऋत्येस, टेकडीच्या उतारावर, क्रेगलॉकहार्ट नावाची एक भव्य दगडी इमारत उभी आहे. १८८० साली ती उघडली तेव्हा सुखवस्तू मंडळी तेथे जलोपचारासाठी येत. थंड पाण्याची स्नाने, मोकळी हवा आणि भरपूर विश्रांती हा तेथला नित्यक्रम होता. १९१६च्या ऑक्टोबरात ही वास्तू लष्करी इस्पितळ झाली आणि तिच्या लांबलचक ओसऱ्यांतून निराळ्याच प्रकारचे रोगी वावरू लागले. त्यांचे हातपाय धड होते, अंगावर जखम दिसत नव्हती. पण कुणाची वाचा गेली होती, कुणाचे हात सारखे थरथरत होते, कुणी बोलताना शब्दाशब्दाला अडखळत होता. दिवस कसाबसा जाई. रात्र झाली की एकेका खोलीतून किंकाळ्या ऐकू येत. कवी सिगफ्रिड सॅसून तेथे काही महिने होता. दिवसा हे घर डॉक्टरांच्या हाती असे आणि रात्री ते पुन्हा युद्धाच्या स्वाधीन होई, अशा आशयाचे वर्णन त्याने पुढे आपल्या आठवणींत केले आहे.

या विकाराला ‘शेल शॉक’ हे नाव मिळाले होते. चार्ल्स मायर्स या डॉक्टरने १९१५च्या फेब्रुवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रथम छापले. तोफगोळा जवळ फुटल्याने मेंदूला हादरा बसतो, अशी आरंभीची समजूत होती. पुढे असे दिसून आले की, ज्यांच्या आसपास गोळा फुटलाच नाही त्यांनाही हा विकार जडतो. मग अनेक अधिकाऱ्यांनी सोपा निष्कर्ष काढला, की हा भित्रेपणा आहे. पळपुटेपणा, भित्रेपणा आणि तत्सम आरोपांखाली गोळ्या घालून ठार केलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटिश सरकारने क्षमा दिली ती २००६ साली. त्यांतील किती जण खरोखर आजारी होते, हे आता कोण सांगणार? लंडनच्या एका प्रसिद्ध इस्पितळात तर मुक्या झालेल्या शिपायांच्या घशाला विजेचे झटके देऊन त्यांना बोलते करीत. शिपाई बोलू लागे हे खरे. पण त्याचे मन कोठे होते, याची विचारपूस कोणी करीत नसे.

क्रेगलॉकहार्टमध्ये दोन डॉक्टरांनी ही विचारपूस केली, आणि ती दोन अगदी भिन्न वाटांनी.

पहिले विल्यम रिव्हर्स. हे मूळचे वैद्य, पण मानववंशशास्त्रातही त्यांनी नाव मिळविले होते. निलगिरीत राहून त्यांनी तोडा लोकांचा अभ्यास केला आणि त्यावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९०६ साली प्रसिद्ध झाला. परक्या माणसाचे बोलणे मध्ये न तोडता ऐकून घ्यावे, ही सवय त्यांना अशा कामातून लागली असावी. ते स्वतः जन्मभर अडखळत बोलत. घडले ते विसरून जा, असा उपदेश त्या काळी रोग्यांना सर्रास होई. रिव्हर्सांचे मत याच्या उलट होते. दडपलेली आठवण रात्री दुप्पट जोराने परत येते. तेव्हा तिला दिवसाउजेडी सामोरे जावे, मात्र तिच्यात रुतून बसू नये, असे ते सांगत. १९१७च्या डिसेंबरात वाचलेल्या त्यांच्या निबंधात एका अधिकाऱ्याची हकीकत आहे. त्याला आपल्या मित्राचे छिन्नविच्छिन्न प्रेत सापडले होते आणि तेच दृश्य त्याला रोज स्वप्नात दिसे. रिव्हर्सांनी त्याला एवढेच दाखवून दिले की, देहाची ती अवस्था पाहता मित्राला मरण क्षणात आले असले पाहिजे, त्याला यातना झाल्या नसतील. त्यानंतर स्वप्ने बदलली. भीती ओसरली आणि तिच्या जागी साधे, माणसाला सोसता येण्याजोगे दुःख आले.

याच निबंधात रिव्हर्सांनी आपल्या अपयशाचीही नोंद केली आहे, हा त्यांचा मोठेपणा. दुसरा एक अधिकारी स्फोटाने उडून एका कुजलेल्या प्रेतावर तोंडघशी पडला होता. त्या आठवणीत दिलासा देणारे काही शोधूनही सापडेना. या माणसाला खेड्यात, युद्धाची आठवण करून देणारे काही नसेल अशा जागी गेल्यावरच थोडी शांतता लाभत असे. रिव्हर्सांनी त्याला सैन्य सोडून तसेच जीवन जगण्याचा सल्ला दिला. जे बोलण्याने साधले नाही ते माती आणि मोकळे आकाश यांच्यावर सोपवावे लागले.

दुसऱ्या डॉक्टरांची चिकित्सा तर येथूनच सुरू होत असे. आर्थर ब्रॉक हे एडिंबरोचे वैद्य. ग्रीक वैद्य गॅलेनच्या ग्रंथाचे त्यांनी इंग्रजीत भाषांतर केले होते. त्यांचे म्हणणे असे की, युद्धाने या माणसांचे केवळ मज्जातंतू बिघडविलेले नाहीत. त्यांचे जगाशी असलेले नातेच तोडले आहे. जागा, काम आणि माणसे या तिन्हींपासून ते सुटे पडले आहेत. तेव्हा औषध एकट्या मनाला किंवा एकट्या शरीराला देऊन भागणार नाही. अखंड माणूस पुन्हा आपल्या भोवतालाशी जोडला पाहिजे. या पद्धतीला त्यांनी ग्रीक शब्दावरून जे नाव दिले त्याला मराठीत ‘कार्योपचार’ म्हणता येईल. आज सर्वांगीण उपचाराविषयी इतके बोलले जाते; पण त्यासाठी इंग्रजीत रूढ झालेला शब्द ज्या ‘होलिझम’वरून निघाला, तो जनरल स्मट्स यांनी १९२६ साली घडविला. क्रेगलॉकहार्टचे इस्पितळ त्यापूर्वी सात वर्षे बंद झाले होते.

ब्रॉक रोग्यांना स्वस्थ बसू देत नसत. पहाटे त्यांना फिरावयास पाठवीत. कुणी शेतावर राबे, कुणी बागकाम करी, कुणी बालवीरांच्या पथकाला शिकवी. नाटके होत, वादसभा होत, निसर्गनिरीक्षणाचे मंडळ भरे. ‘हायड्रा’ नावाचे नियतकालिकही रोगीच चालवीत. जलोपचारगृह आणि पुराणातील अनेक तोंडांचा सर्प, असे दोन्ही अर्थ त्या नावात होते. ग्रीक पुराणातला अँटिअस हा ब्रॉक यांचा आवडता दाखला होता. हा राक्षस धरित्रीचा पुत्र. पाय जमिनीला टेकलेले असेपर्यंत त्याला कोणी जिंकू शकत नसे. हर्क्युलीसने त्याला अधांतरी उचलले आणि तेथेच त्याचा अंत झाला.

१९१७च्या जूनमध्ये २४ वर्षांचा एक तरुण अधिकारी ब्रॉक यांच्या हाती आला. फ्रान्समध्ये स्फोटाने तो उडाला होता आणि पुढे एका सहकाऱ्याच्या विखुरलेल्या अवशेषांजवळ त्याने दिवस काढले होते. त्याचे नाव विल्फ्रेड ओवेन. ब्रॉक यांनी त्याला अँटिअसच्या कथेवर कविता लिहावयास सांगितले, ‘हायड्रा’चे संपादन सोपविले, शहराच्या एका शाळेत मुलांना साहित्य शिकविण्यास धाडले. वर्गात उभे राहून चाळीस मुलांचे लक्ष धरून ठेवावयाचे म्हणजे हात थरथरून चालत नाही, हे कोणताही शिक्षक सांगेल. तेथेच ओवेनची सॅसूनशी गाठ पडली आणि युद्धाविषयी इंग्रजीत झालेल्या श्रेष्ठ कवितांपैकी काहींचा आरंभ त्या घरात झाला.

ब्रॉक यांच्या विचारामागे ज्यांची प्रेरणा होती ते प्राध्यापक पॅट्रिक गेडिस त्या वेळी स्कॉटलंडात नव्हते. ते हिंदुस्थानात होते. जागा, काम आणि माणसे ही त्रयी ब्रॉक यांना त्यांच्याकडूनच मिळाली. बडोद्याच्या नगररचनेविषयी त्यांनी लिहिले, इंदूरचा दोन खंडांतील अहवाल १९१८ साली प्रसिद्ध केला, आणि पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे ते पहिले प्राध्यापक झाले. १९१७ हे साल त्यांच्यावर वज्रासारखे कोसळले. एप्रिलात थोरला मुलगा फ्रान्समध्ये मारला गेला. पत्नी येथेच तापाने अंथरुणाला खिळली होती. मुलगा गेल्याचे तिला न सांगताच तिची शुश्रूषा चालली, आणि जूनमध्ये तीही गेली.

त्याच वर्षीच्या दिवाळीत इंदूरने एक अपूर्व मिरवणूक पाहिली. शहर प्लेगने त्रस्त होते. गेडिस यांनी असे जाहीर करविले की, ज्या वस्तीतील घरे अधिक स्वच्छ होतील तिकडून मिरवणूक जाईल. घरोघर झाडलोट आणि रंगसफेदी सुरू झाली. हत्ती, घोडे, लक्ष्मीची स्वारी, रोगराईचे राक्षस आणि प्लेगचा भला मोठा उंदीर असा तो थाट होता. शहर झाडणारे सफाई कामगार नव्या पांढऱ्या वस्त्रांत, फुलांचे हार घालून, मानाने चालले होते. शेवटी राक्षसांचे दहन झाले. ज्या तत्त्वाने ब्रॉक तिकडे एकेका सैनिकाला सावरीत होते, त्याच तत्त्वाने त्यांचे गुरू इकडे एक भेदरलेले शहर उभे करीत होते. आणि स्वतःलाही, असे म्हटल्यास चूक होऊ नये.

या चित्राला काळी बाजू आहे. क्रेगलॉकहार्ट केवळ अधिकाऱ्यांसाठी होते, सामान्य शिपायाचा तेथे प्रवेश नव्हता. मग कुतच्या वेढ्यात अडकून १९१६च्या एप्रिलात शत्रूच्या हाती पडलेल्या मराठा पलटणींतील जवानांची गोष्ट तर दूरच. त्यांतले जे जिवंत परतले त्यांना उपचार म्हणून मिळाले ते आपले गाव, आपले शेत आणि आपली माणसे. ब्रॉक यांची त्रयीच ती, पण डॉक्टरावाचून. इंग्रजी बोलीत वेड लागण्याला ‘डूलाली’ म्हणतात, तो शब्दही नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी छावणीवरूनच तिकडे गेला आहे.

आणखी एक टोचणी राहतेच. माणसाला बरे करावयाचे ते कशासाठी? तर पुन्हा त्याच खंदकात धाडण्यासाठी. रिव्हर्सांना ही गोष्ट सतत सलत होती. सुमारे १७०० अधिकारी त्या इस्पितळातून गेले. त्यांतले अनेक कायमचे अपात्र ठरून घरी परतले, अनेक पुन्हा कामावर रुजू झाले. ओवेन फ्रान्सला परतला आणि ४ नोव्हेंबर १९१८ रोजी एका कालव्याकाठी मारला गेला. युद्ध संपावयास एक आठवडा उरला होता. त्याच्या मृत्यूची तार आईवडिलांच्या हाती पडली ती ११ नोव्हेंबरला, शस्त्रसंधीच्या दिवशी.

इस्पितळ १९१९ साली बंद झाले. पुढच्याच वर्षी सेक्रेड हार्ट संघाच्या धर्मभगिनींनी ती इमारत विकत घेतली आणि तेथे मठ व कॅथलिक शिक्षिकांचे अध्यापन महाविद्यालय चालविले. ज्या खोल्यांतून रात्री किंकाळ्या उठत होत्या तेथे मुली फळ्यावर सुवाच्य अक्षर काढावयास शिकल्या. आता ती वास्तू एका विद्यापीठाची आहे. युद्धकवींच्या कागदपत्रांचा एक संग्रह तेथे ठेवला आहे.